कुंपणावरची कॉफी

अगं, मध्ये बोलू नकोस, आधी ऐक! सेरियातल्या आमच्या शेजारचं ते तेलकंपनीचं घर कधीपासून कुलूपबंद आहे ना? आज दुपारी तिथून एक हात कुंपणावर आला आणि त्याने वाफाळत्या कॉफीचा कप पुढे केला!

माझा नवरा युअन कामावर निघाला होता. "नको, उशीर होतोय," म्हणाला.

आमच्या स्वयंपाकाच्या रोकियाताई धावत आल्या. "साहेब, पिऊ नका हवं तर, पण कपाला बोट तरी लावा! नुसतं नाही म्हणून निघालं की वाटेत घात होतो."

"ताई, तुमच्या गावात नाही म्हणायचीही चोरी!" तो हसत गाडीत बसला.

हात गेला, कप तिथेच राहिला. थोड्या वेळाने ऑफिसातून फोन. गाडी तेलविहिरींच्या फाटकापाशी सुरू उभी आहे, युअन कुठेय?

मी कुंपणाकडे पळाले. कप अर्धा रिकामा, तरी वाफाळता!

"मेम, अजून कॉफी उरलीय," रोकियाताई रडत म्हणाल्या. "ती संपायच्या आत साहेबांच्या नावाने बोट लावा!"

मी हात पुढे केला, आणि त्या कुलूपबंद घरातून युअन ओरडला, "मोराग, कपाला हात लावू नकोस!"

कॉफी तर खाली खाली चाललेली. तू काय केलं असतंस गं?