अधिकचं चिन्ह

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना शेजारणीच्या हवाली करून काकू मेंदूवरच्या एका संशोधनासाठी तपासणी करून घ्यायला आल्या होत्या. एमआरआय मशीनच्या बोगद्यात सरकवण्यापूर्वी संशोधक मुलीनं त्यांना तीनतीनदा बजावलं, "समोरच्या अधिकच्या चिन्हाकडे नुसतं बघत पडायचं. पाऊण तास काहीच करायचं नाही. फक्त झोपायचं नाही हं."

मशीन घणाघणा वाजू लागलं आणि दुसऱ्याच मिनिटाला काकूंना गाढ झोप लागली.

"सगळी मापं वाया गेली, काकू!" त्यांना बाहेर काढताना मुलगी वैतागली. "कानात बोळे घालूनही लोक या आवाजाला कंटाळतात. तुम्हाला झोप लागलीच कशी?"

"आवाज होता गं," काकू ओशाळून म्हणाल्या, "पण त्यात मला कुणी हाक मारत नव्हतं."