डावी बाजू

"आजपासून ज्याच्यावर फाउल होईल, त्यानंच बास्केटमध्ये चेंडू फेकायचा," हॅनिगन म्हणाला. "लीगचा नवा नियम. तेव्हा लुदविक, तुझी चैन संपली. आज पळून दाखव. नाही जमलं तर सोमवारी खाण आहेच."

लुदविक बुटांच्या नाड्या बांधत होता. बांधलेल्या त्यानं सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

हॅनिगन म्हणजे संघाचा मालक. खाली त्याचा गुत्ता, वर नाचाचा हॉल. शनिवारी हॉलच्या चारी बाजूंनी छतापासून दोरीची जाळी सोडायची, आत बास्केटबॉल खेळायचा. मॅच संपली की जाळी वर गुंडाळायची आणि त्याच गुळगुळीत फरशीवर पोल्का नाच सुरू. आजवर प्रत्येक संघ एक माणूस ठरवून ठेवायचा. फाउल कुणावरही होवो, चेंडू तोच फेकायचा. आमच्या गावात तो मान लुदविकचा. गुडघ्यांमधून दोन्ही हातांनी असा अलगद उचलायचा, की समोरच्या गावचे लोकसुद्धा शिव्या द्यायचे विसरत.

आणि या लुदविकला डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं!

चार हिवाळ्यांपूर्वी कुणाचं तरी कोपर बसलं होतं. डोळा वरून जसाच्या तसा, आतली वात तेवढी विझली. फाउलच्या रेषेवर त्याचं काही अडत नसे. रेषा हलत नाही, बास्केटही हलत नाही. पळणारी माणसं मात्र हलतात. ही गोष्ट त्यानं बायकोला, हेलेनालाही सांगितली नव्हती. हॅनिगनला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्याच दिवशी बाहेर काढलं असतं. मग उरते खाण. तिथल्या अंधारात एका डोळ्याचा माणूस किती टिकतो, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

त्यात हा बोलेक. संघातला सगळ्यात दांडगा गडी, आणि लुदविकच्या डोक्याला कायमचा ताप. मैदान केवढं मोठं, पण हा मेला येऊन याच्याच डाव्या कुशीला चिकटणार. लुदविककडं येणारा चेंडू मधेच लांबवणार. गुत्त्यातही त्याच बाकावर, त्याच बाजूला ढुंगण टेकणार आणि लुदविकच्या ताटलीतल्या बटाट्याच्या पिरोगी गिळणार. लुदविकनं हेलेनाला कितीदा सांगितलं, "एक दिवस मी त्या रेड्याचं टाळकं फोडणार आहे."

मॅच सुरू झाली. पहिला फाउल बोलेकवरच झाला. सवयीनं लुदविक रेषेकडं निघाला आणि रेफरीनं त्याला हातानं मागं सारलं. लोक हसले. बोलेकनं चेंडू असा भिरकावला की तो थेट बँडवाल्यांच्या ढोलासमोरच्या जाळीत अडकला. लोक आणखी हसले. लुदविकला मात्र हसू येईना. हात मोकळे, करायला काम नाही, आणि जाळीपलीकडं हॅनिगन चिरूट चावत फक्त त्याच्याकडं बघतोय. तो उगाच पुढं पळाला, उगाच मागं आला. दोनदा चेंडू त्याच्याकडं आला. दोन्ही वेळा डावीकडून बोलेक घुसला आणि घेऊन गेला.

"झोपलाय का रे तो?" हॅनिगन बाहेरून ओरडला.

लुदविकचं डोकंच फिरलं. त्यानं बोलेकच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ढकललं.

"बाजूला हो ना रेड्या! माझ्या वाटचे चेंडू किती खाशील? मालक बघतोय, माझी भाकरी जाईल!"

बोलेक त्याच्याकडं बघत राहिला.

"नक्की जाऊ?"

"जा म्हणतो ना! त्या उजव्या कोपऱ्यात जाऊन मर."

बोलेकनं बाहीला नाक पुसलं आणि तो उजवीकडं गेला.

आणि काय सांगावं! पुढचाच चेंडू उजवीकडून आला, थेट लुदविकच्या हातात. त्यानं वळून फेकला. बास्केट! हॉल दणाणला. हेलेना खुर्चीवर उभी राहिली, टोपी हातात घेऊन नाचायला लागली. लुदविकला वाटलं, कशाला भीत होतो आपण इतके दिवस? अडचण डोळ्याची नव्हतीच मुळी. अडचण त्या रेड्याची होती. चेंडू पुन्हा त्याच्याकडं आला. तो छाती काढून पळाला.

समोरच्या संघाचा गडी डावीकडून आला. लपतछपत नाही, चांगला हॉलच्या त्या टोकापासून धडधडत आला. सगळ्या हॉलला तो दिसला.

लुदविक उडून जाळीवर आपटला आणि खाली पडला. गालावर दोरीचे चौकोन उमटले. शिट्टी वाजली.

हॅनिगननं जाळीला तोंड लावलं. "अरे, एवढा रानडुकरासारखा अंगावर आला. मधे चिटपाखरू नव्हतं. दिसला नाही तुला?"

हेलेना खुर्चीवरून खाली उतरली. लुदविक जाळीच्या दोऱ्या धरून उठू लागला.

बोलेक धापा टाकत आला. त्यानं दंडाला धरून लुदविकला उभं केलं आणि वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"त्याला कसा दिसेल, मालक?" तो हॅनिगनवरच खेकसला. "चार हिवाळे झाले, इकडं मी असतो. आज मीच जागा सोडली."