ओटीतला नारळ

अंतराळयानाचं तिकीट किलोवर मिळायचं. दोघांच्या वजनाचे पैसे जन्मभर साठवूनही जमले नाहीत, म्हणून वत्सलाबाई एकट्याच निघाल्या होत्या. सकाळी सुनेनं तांदूळ-नारळानं त्यांची ओटी भरली होती. तशाच भरल्या पदरानं त्या काट्यावर चढल्या.

"आजी, बावन्न किलो," खिडकीतली मुलगी म्हणाली.

वत्सलाबाईंनी जीभ चावली. किलोला चाळीस हजार! वर्षभर अर्धपोटी राहून त्यांनी वजन एक्कावन्नवर आणलं होतं, आणि ओटीचं वजन धरायलाच विसरल्या होत्या.

"थांब गं, नारळ काढते. तांदळाचे पाच दाणे राहिले तरी पुरे."

"कशाला? तुमचं तिकीट बावन्नचंच आहे. आजोबांनी गेल्या महिन्यात एक किलो वाढवून घेतलाय."

त्यांनी मागे वळून पाहिलं. कठड्यापलीकडे हणमंतराव उभे होते. महिनाभर गॅरेजात दुरुस्तीला आहे म्हणून सांगितलेली स्कूटर खरी कुठे गेली, ते वत्सलाबाईंना आत्ता कळलं.

"अहो, स्कूटर विकलीत?"

"मग काय, रिकाम्या ओटीनं पाठवू तुला?"

वत्सलाबाईंनी नारळ पोटाशी धरला.

"रविवारी परत आले की याच्याच वड्या करते," त्या म्हणाल्या. "येते हं."