अकराच्या एसटीचा डबा

पक्ष: शिवकन्या लातूरला आयआयटीची तयारी करते. तिच्या आईचा डबा जळकोटहून रोज अकराच्या एसटीने येतो.

साध्य: इंटिग्रेशनचं एक गणित तीन दिवस अडलं होतं. उद्याच्या टेस्टला ते चुकलं, तर वरची बॅच हुकणार होती.

सिद्धता: आज भाकरीखाली कागद निघाला. गणित सुटलेलं! अक्षर शिवकन्येचंच. ती खोलीभर नाचली, मग तिने आईला फोन लावला.

"आई, कागद कुणी ठेवला गं?"

"कुणी म्हंजे? तूच की! सकाळपासनं माझ्यापाशी बसून सोडवायलीस. लई खूश हायस आज."

"आई, मी लातूरला हाय!"

आई खळखळून हसली. तिच्यामागे आणखी कुणीतरी हसलं, हुबेहूब शिवकन्येसारखं.

"आई," तो आवाज म्हणाला, "कुणाचा फोन हाय गं?"