रंगीत भिंतींचा वाटाड्या

निवृत्त ट्रॅफिक हवालदार दर रविवारी फोनवरच्या वाटाड्याचं रेकॉर्डिंग ऐकत कलाकारांच्या गल्लीतल्या त्याच त्या रंगवलेल्या भिंती बघून यायचे. आज बायकोही सोबत निघाली. जन्मभर दुसऱ्यांना हात दाखवून थांबवणारा हा माणूस कानातल्या आवाजासरशी गुमान वळत होता, थांबत होता.

"माझं कधी ऐकलंत का हो एवढं?" म्हणत तिने त्यांचा एक इअरफोन ओढून आपल्या कानात घातला.

"आता डावीकडे वळा. जपून हं, पायरी आहे."

आवाज लेकीचा होता. नोकरी सोडून भिंती रंगवायला लागली म्हणून त्यांनी जिच्याशी बोलणं टाकलं होतं, तिचा.

 

बायकोने आपल्या फोनवरून लेकीला फोन लावला आणि तो त्यांच्या हातात दिला. "घ्या. इथं ती उलट उत्तरंही देते!"