गालातला बदाम

बदाम दाताखाली आला, तशी तोंडात आलेली शिवी दोर्तेने खिरीबरोबर गिळली. बदाम मात्र जिभेने गालात सरकवला.

तो तिला मिळायलाच नको होता. नाताळच्या गार खिरीत एकच अख्खा बदाम असतो, आणि ज्याला सापडेल त्याला बक्षीस. यंदाचं बक्षीस तिनेच सकाळी वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत जाहीर केलं होतं: चोवीस तारखेची, म्हणजे नाताळच्या मुख्य जेवणाची संध्याकाळ घरी. माणसं चार, कामावर हवीत तीन. आपली वाटी घ्यायची नाही असं ती ठरवून आली होती. पण स्वयंपाकिणीने चौथी वाटी भरून तिच्यापुढे ठेवली, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"आम्हाला काय बालवाडीतली पोरं समजतेस?" युत्तेने सकाळीच सुनावलं होतं. "प्रमुख तू आहेस. कुणाशी वाईटपणा नको म्हणून बदामाला पुढे करतेस."

हे खरं होतं, म्हणूनच दोर्तेला जास्त झोंबलं. परवापर्यंत चौघांपैकी दोघांना सुट्टी होती. मग संचालक टोर्बेनने बदलीचं माणूस रद्द केलं आणि त्याच टपालातून तिला एक कार्ड पाठवलं. वर मेणबत्तीचं चित्र, खाली 'शांत प्रमुख, शांत नाताळ'. चार आकडे मोजत श्वास घ्या, चार मोजत सोडा. कार्ड आता डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होतं. तेवढा तरी त्याचा उपयोग झाला.

ज्याला बदाम मिळतो त्याने तो गालात लपवून गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी आशेने खात राहायचं, यातच सगळी गंमत. आज गंमत कुणालाच येत नव्हती. आस्गर तिसरी वाटी ओरपत होता. त्याच्या जुळ्या मुलींनी तीन वर्षांत एकही नाताळ बापाबरोबर पाहिला नव्हता. बेंटे डोळे मिटून गिळत होती. युत्ते चमच्याने खीर चिवडत होती. सलग चार वर्षं ती चोवीसला कामावर होती.

आणि दोर्तेची मुलगी चोवीसलाच येणार होती, दोन महिन्यांची नात घेऊन. नातीला तिने अजून फोनवरच पाहिलं होतं. गप्प बसायचं, एवढंच. पातेलं रिकामं झालं की बदाम दाखवायचा. नियमच तसा होता.

फोन वाजला. टोर्बेन होता.

"काय म्हणतेय मंडळी? वातावरण कसं आहे?"

"खीर खातायत."

"वा, छान. आणि तू? कार्ड मिळालं ना? श्वास घेतेस ना?"

दोर्तेने आस्गरकडे पाहिलं. तो चौथी वाटी वाढून घेत होता. त्याचं तोंड ओकारी आल्यासारखं झालं होतं. तिला एकदम भयंकर राग आला. टोर्बेनचा तर आलाच, त्याहून जास्त स्वतःचा.

"घेतेय," ती म्हणाली. बदामामुळे शब्द जरा जड येत होते. "टोर्बेन, तू दर भाषणात सांगतोस, मी म्हाताऱ्यांची भांडी धुण्यापासून सुरुवात केली म्हणून."

"अगं, केलीच आहे."

"मग चोवीसला तीन वाजता ये. अकरापर्यंत काम आहे. अठरा जण आहेत, त्यातल्या सहा जणांना भरवावं लागतं."

तो हसला. "दोर्ते, तुझ्यावर ताण आलाय."

"आलाच आहे. तू नाही आलास तर सव्वातीनला मी अठराही घरांना फोन करीन. सांगीन, आपापल्या आईबापांना घेऊन जा, संचालकांकडे माणसं नाहीत."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. तो आकडे मोजत असावा.

"कपडे मिळतील तिथे?" शेवटी त्याने विचारलं.

"मिळतील. पायातलं तेवढं तुझं आण."

तिने फोन ठेवला. तिघांचेही चमचे थांबले होते. युत्ते मात्र तिच्या तोंडाकडे बघत होती.

"दोर्ते, तुझ्या गालात काय आहे?"

दोर्तेने बदाम काढून तळहातावर धरला.

"कधीपासून?" युत्तेचा आवाज चढला.

"पहिल्या वाटीपासून."

"आणि आम्ही इथे गुरांसारखे चरतोय."

आस्गरने वाटी इतक्या जोरात सरकवली की चेरीचा लाल पाक टेबलभर उडाला. "ठेव तुझ्याकडेच," तो म्हणाला. "तुला मिळाला ना? मग जा घरी."

दोर्तेने बदाम पुन्हा तोंडात टाकला आणि कडकन चावला. आवाज चौघांनाही ऐकू आला. मग तिने भिंतीवरचा कामाचा तक्ता काढला, चोवीस तारखेच्या चार चौकटींखाली पेनाने पाचवी आखून 'टोर्बेन' लिहिलं, आणि तक्ता पाकाच्या डागांवरच टेबलाच्या मधोमध ठेवला.

"बदाम संपला," ती म्हणाली. "आता दोघं घरी जाऊ शकतात. कोण, ते आत्ता इथे ठरेल, आणि ज्यांना पटणार नाही त्यांनी माझ्याशी भांडायचं. मलाही घरी जायचंय. तेही धरा."

मग युत्तेने आपली वाटी बाजूला केली, दोन्ही कोपरं टेबलावर रोवली आणि दोर्तेच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग आधी तू सांग," ती म्हणाली. "तुझ्या घरी कोण आहे?"