फिकट शिक्रा

दोघांच्या लग्नाचं घोडं तिच्या बाबांच्या होकारापाशी अडलं होतं, आणि बाबांना पक्ष्यांपुढे माणसं दिसत नसत. म्हणून तिने त्याला आधीच बजावलं होतं, “ते म्हणतील त्याला हो म्हण.” पण तो पडला औषधदुकानदार, नाव दोनदा वाचल्याशिवाय गोळी न देणारा. पहिल्या भेटीला तो पक्ष्यांचं पुस्तक पाठ करून आला.

कालव्याच्या काठावर बाबांनी त्याच्या हातात दुर्बीण दिली. “तारेवर बसलाय बघ. हा आपला नेहमीचा शिक्रा नाही. उत्तरेकडची फिकट उपजात आहे. इकडे सहसा दिसत नाही.”

तो बराच वेळ बघत राहिला. छातीवरचे पट्टे चांगले गडद होते, ते तिला नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. तिने हळूच त्याच्या पायावर पाय दिला.

“फिकट आहे खरा, काका,” तो म्हणाला.

तो गेल्यावर बाबांनी घरी बूट काढता काढता निकाल दिला. “साधाच शिक्रा होता. त्यालाही कळलं होतं, चेहराच पडला त्याचा. तरी हो म्हणाला. पोरगा संसाराला चांगला आहे.”

“ही कसली परीक्षा, बाबा?”

“तुझ्या आईलाही पहिल्या भेटीत असाच साधा शिक्रा फिकट म्हणून दाखवला होता. तीही मुकाट्याने हो म्हणाली.”

आईने पेपरचं पान उलटलं.

“घार होती ती.”